आकडी अचानक आली नव्हती

मी वार बोलते आहे. बाळाच्या पाठोपाठ बाहेर येते, तीच. माझे आयुष्य जेमतेम आठ महिन्यांचे झाले आणि ते सगळे कामात गेले. म्हणूनच एका कागदावर लिहिल्या गेलेल्या एका शब्दाचा मला अतोनात राग आहे.

बडोद्यात, मांडवीजवळच्या एका घरात, एकोणीस वर्षांच्या कुसुमावतीच्या उदरात मी रुजले. तिच्या रक्तातून अन्न आणि प्राणवायू घ्यायचा व बाळाला पोचवायचा, हे माझे काम.

चौथ्या महिन्यात शहरभर १९१८ सालचा मानमोडीचा ताप, म्हणजे इन्फ्लुएंझा, पसरला. तिलाही आला. त्याचा विषाणू तेव्हा कोणत्याही भिंगाला दिसत नव्हता. त्यानेच माझ्या वाहिन्या अरुंद केल्या, की त्या मुळातच तशा होत्या, हे पुराव्यावाचून मी सांगणार नाही. मला रक्त पुरेना, माझे काही भाग पांढरे पडून मेले आणि माझ्यातून सुटलेल्या द्रव्यांनी कुसुमावतीचा रक्तदाब चढू लागला, एवढे मात्र निश्चित.

सातव्या महिन्यात तिचे हातपाय सुजले. तिच्या सासूबाई येसूबाई शेजारणीला कौतुकाने म्हणाल्या, "अंग कसं भरलंय पाहा! बांगड्या चढेनात हातात!"

कुसुमावती म्हणाली, "आईसाहेब, डोकं ठणकतं हो. डोळ्यांपुढे काजवे येतात."

"दुपारचं वाचन बंद कर. जातील काजवे."

कुसुमावतीने लेडी डॉक्टर सरोजिनीबाईंना निरोप धाडला. त्यांनी रिकामी बाटली पाठवली: सकाळची लघवी भरून द्या, उकळल्यावर ती साकळली, तर मुलीला तत्काळ दवाखान्यात आणावे लागेल.

येसूबाईंनी बाटली हिसकावली. "अंगातलं काही परक्याच्या हाती द्यायचं नसतं. करणीला तेवढंच लागतं."

"मग डॉक्टरीणबाईंना काय सांगायचं?"

"सांगायचं कशाला? भरलेली बाटली हवी ना तिला? मी भरते. उकळ म्हणावं हवी तेवढी!"

पन्नाशीतल्या त्या निरोगी बाईची लघवी स्वच्छच निघाली. सरोजिनीबाईंनी कळवले, "निर्धास्त राहा." रक्तदाब मोजायचे यंत्र त्यांच्या कपाटात होते. ते कपाटातच राहिले.

त्यानंतर बाराव्या दिवशी कुसुमावतीला आकडी आली. शुद्ध गेली, दात जिभेत रुतले, त्यातच कळा सुरू झाल्या. सरोजिनीबाई धावत आल्या, तोवर मुलगी जन्मली होती. मीही बाहेर पडले होते. त्या कुसुमावतीवर वाकलेल्या असताना येसूबाईंनी मला फडक्यात गुंडाळले आणि परसात पुरले, कोणी करणी करू नये म्हणून!

मुलगी जगली. कुसुमावती गेली.

"वार कुठे आहे? मला पाहायची आहे," सरोजिनीबाई म्हणाल्या.

"पुरली. ती काय पाहायची वस्तू आहे?"

"लघवी तर अगदी स्वच्छ होती हो, येसूबाई. मग हे झालं कसं?"

येसूबाई नातीच्या लंगोटांच्या घड्या घालत राहिल्या. सरोजिनीबाईंनी कागदावर लिहिले: 'आकडी अचानक आली.'

अचानक? तीन आठवडे कुसुमावती सांगत होती! माझे पांढरे पडलेले तुकडे त्याहून आधीपासून सांगत होते. सुजेला बाळसे म्हणणारी सासू, आणि एका बाटलीवर विसंबून स्वतः येऊन न पाहणारी विदुषी, दोघींना हा शब्द किती सोयीचा! उद्या दुसऱ्या घरी अशीच बाई सुजेल, आणि हा कागद पुढे करून तिला सांगतील, स्वच्छ लघवीतही आकडी येते, इलाज नाही.

सरोजिनीबाई, तो शब्द खोडा. मी परसात हातभर खोल आहे. माती अजून भुसभुशीत आहे. खणा.