आईचा आवाज ठेवायचा डबा

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. माझ्यात खाऊ कधीच नव्हता, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मित्रांनो, नंतर तुमची तोंडं पडायला नकोत.

मला घडवलं पत्र्याचं काम करणाऱ्या बाबांनी. बादल्या, नरसाळी, तेलाचे डबे करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पण माझा आकार ठरवला त्यांच्या शाळकरी लेकीनं, बुटकीनं. तिची आई नुकतीच आजारपणात गेली होती. घरातल्या माणसांच्या वस्तू एका डब्यात बंद करायच्या आणि बुटकी आईच्या वयाची झाली की उघडायच्या, असं बापलेकीचं ठरलं. मग तिनं मला कागदावर काढलं. अंग आजीच्या बटणांच्या डबीसारखं गोल, कडी आजोबांच्या कंदिलाची आणि पोटावर आईच्या शिलाई मशीनवरची वेलबुट्टी.

"अगं, हा डबा आहे की सर्कस?" बाबा म्हणाले. पण केलं सगळं तिच्या मनासारखं. वेलबुट्टी ठोकताना मात्र त्यांना मध्येच थांबून डोळे पुसावे लागले.

माझ्यात आजोबांचा चष्मा आला, आजीची बटणं आली, आईची कात्री आली. सगळ्यात वर ठेवली एक कॅसेट. आईचा आवाज जगात तेवढाच उरला होता. बुटकी टेपरेकॉर्डरशी खेळत असताना आई मागून म्हणाली होती, "बंद कर गं ते, आधी दूध बघ, उतू जाईल." बस्स, एवढंच. बुटकी ते रोज शाळेतून आल्या आल्या ऐकायची.

"राहू दे की तिच्याजवळ," आत्या म्हणाली. "पोरीला तेवढाच आधार."

"रोज वाजवून फीत झिजली, तर दुसरी कुठून आणू?" बाबा म्हणाले.

नुसतं झाकण लावून बाबांचं समाधान होईना. दमट हवा आत शिरेल, ही धास्ती. म्हणून त्यांनी कथील वितळवून झाकणाचा सांधा बुजवला, तेलाच्या डब्याचा बुजवतात तसा. एकदा फिरवून मन भरेना, म्हणून तापलेलं लोखंड पुन्हा फिरवलं. आत, झाकणाला टेकलेली कॅसेट मऊ होऊन वाकत चालली होती. मला सगळं कळत होतं हो, पण डब्याला कुठून येणार वाचा? काम झाल्यावर बाबांनी मला पाण्यात बुडवून पाहिलं. एक बुडबुडा आला नाही.

"आता काही होत नाही हिला," ते म्हणाले. माझं इतकं कौतुक पुन्हा कधी झालं नाही, आणि मला इतकं रडूही पुन्हा कधी आलं नाही.

मग वर्षानुवर्षं मी कपाटावर. सुरुवातीला मला पाहुण्यांना दाखवायचे, पुढे माझ्या डोक्यावर रद्दीचे गठ्ठे आले. बुटकी मोठी झाली, नोकरीला लागली. बाबा थकले. ठरलेला दिवस आला तेव्हा त्यांनी स्वतःच माझं झाकण कापलं.

कॅसेट हातात घेताच ते समजून चुकले. प्लास्टिक वाकडं झालेलं, फीत चिकटून तिचा गोळा झालेला. "माझ्याच हातानं," एवढंच ते म्हणाले. मग कॅसेट खाली ठेवून त्यांनी विचारलं, "बुटके, कसा होता गं तिचा आवाज? मी या डब्याच्या भरवशावर विसरून गेलो."

"शब्द आठवतात, बाबा. आवाज नाही आठवत."

तिनं डोळे पुसले, फोन काढला आणि त्यांच्यापुढे धरला. "बोला काहीतरी."

"मी काय बोलू? चालू आहे का हे?"

बाबा आता नाहीत. ती फोनमधलं त्यांचं ते बोलणं रोज ऐकते, भांडी घासताना, केस विंचरताना. मी रिकामा बसून ऐकतो.

मित्रांनो, बंद करून ठेवलं म्हणजे जपलं, असं बाबांना वाटलं होतं आणि मलाही. तुमच्या घरात असा कोणाचा आवाज असेल, तर आजच लावा. झिजला तर झिजू द्या. ऐकून झिजलेला आवाज निदान कानात तरी राहतो.