आभाळाकडे पाठ

मुलगा विमान घेऊन आभाळात कोलांट्या मारतो, हे सांगताना बापाची छाती फुगायची आणि आई उठून आत जायची.

बापाचं केस कापायचं दुकान होतं. आरशाच्या वर मुलाचा फोटो, मागे निळं विमान, काखेत हेल्मेट. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधून झालं की बाबा कात्रीनं फोटोकडे खूण करायचे आणि सुरू व्हायचे. खुर्चीत बसलेल्या माणसाला पळता येत नाही, आणि मान हलवावी तर कानाची भीती. त्यामुळे गावातल्या निम्म्याअधिक पुरुषांना त्यांच्या लेकाची सगळी कर्तबगारी तोंडपाठ होती.

आई दुकानाच्या मागच्या खोलीत कपडे दुरुस्त करून द्यायची. कुणाच्या पँटची चेन, कुणाच्या कोटाचं अस्तर. बाहेर नवऱ्याचं पुराण सुरू झालं की तिचं मशीन जरा जोरात चालायचं. मुलगा कसरतींच्या पथकात गेल्यापासून त्याचं उडणं बघायला ती एकदाही गेली नव्हती. कधी गुडघा धरलेला असायचा, कधी कामं तुंबलेली. टीव्हीवर दाखवलं तर ती आत जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा घासायची. मुलानं सुरुवातीला आग्रह केला, मग नुसतं विचारलं, मग विचारणंही सोडून दिलं.

यंदा मात्र सून स्वतः न्यायला आली. ती फिजिओथेरपिस्ट होती. ऑपरेशननंतर ‘नको, नको’ म्हणणाऱ्या माणसांना पायावर उभं करणं हे तिचं रोजचं काम.

“आई, हा त्याचा शेवटचा शो आहे. पुढच्या महिन्यापासून तो नव्या मुलांना शिकवणार. मग कसरती नाहीत.”

“अगं, पण माझा गुडघा...”

“गुडघ्याचं मी बघते. माझा धंदाच आहे तो.”

आई उठली. कपाटातून चांगली शाल काढली, तेव्हा सुनेला कळलं की जमलं.

एअर शोच्या मैदानाबाहेर गाड्यांची ही रांग. फाटकातून आत जाईपर्यंत शर्ट अंगाला चिकटले. जागा मिळाली ती अगदी सूर्याच्या समोर. वर बघावं तर डोळ्यांत पाणी, खाली बघावं तर पुढच्याच्या टोपीवरची जाहिरात. स्पीकर असा खरखरत होता की निवेदक विमानाचं नाव सांगतोय की हरवलेल्या मुलाचं, कळायला मार्ग नव्हता. बाबांनी शांतपणे पिशवीतून मोठी काळी छत्री काढली आणि उघडली.

“ओ काका! छत्री!” मागून कुणीतरी ओरडलं. ओरडणाऱ्याच्या हातात बाळाएवढी लेन्स लावलेला कॅमेरा होता. “पहाटेपासून जागा धरून बसलोय मी. विमानाऐवजी छत्रीच्या काड्यांचे फोटो काढू का?”

“अहो, मिटा ती,” आई म्हणाली.

बाबांनी छत्री मिटली, पण संधी सोडली नाही. मागे वळून म्हणाले, “फोटो काढताय ना? मग पाच नंबरच्या विमानाचा नीट काढा. त्यात आमचा टिल्लू आहे.”

“कोण टिल्लू?”

“माझा मुलगा. लहानपणी एवढासा होता म्हणून टिल्लू. आता सहा फूट आहे.”

कॅमेरावाल्याचा चेहरा एकदम बदलला. छत्रीचा राग कुठल्या कुठे गेला, खुर्ची ओढून तो पुढेच सरकला आणि पाच नंबर कुठल्या बाजूनं येतो, किती खाली येतो, असं विचारायला लागला. बाबांना तर आयतंच गिऱ्हाईक सापडलं, तेही स्वतःहून खुर्ची घेऊन आलेलं.

तेवढ्यात कसलीही चाहूल न देता मागून काहीतरी डोक्यावरून गेलं आणि त्याच्या पाठोपाठ आवाज आला. आभाळ फाडल्यासारखा. लोक हर्षानं किंचाळले, टाळ्या पडल्या. आईच्या हातातला चहा शालीवर सांडला.

“मी जरा पाणी पिऊन येते,” ती उठली.

“मी येऊ सोबत?” सुनेनं विचारलं.

“नको. तू बघ. तुझा नवरा आहे.”

सुनेनं तिला अडवलं नाही. नुसता हात दाबला.

प्रथमोपचाराच्या तंबूमागे थोडी सावली होती. तिथं एका बाकावर एक माणूस मैदानाकडे पाठ करून बसला होता. खांदे दारासारखे रुंद, हात फावड्यासारखे, आणि दोन्ही कानांत कापसाचे बोळे. आईला बघून तो सरकला. बाकाचा तीन चतुर्थांश भाग तरीही त्याच्याकडेच राहिला.

“बसा मावशी. चक्कर आली का?”

“नाही. तुम्हाला?”

त्यानं कापूस काढला. “काय म्हणालात?” तिनं पुन्हा विचारलं, तसा तो ओशाळून हसला. “मला आवाज सोसत नाही. दगडखाणीत काम करतो मी. एकदा सुरुंग वेळेच्या आधी उडाला. सोबतचा गेला, मी राहिलो. तेव्हापासून साधा दरवाजा आपटला तरी छातीत धडधडतं. दोन्ही पोरींना विमानांचं वेड. त्यांना म्हटलं, बाबा येईल. आलो. पहिल्याच विमानाला पळालो. त्या पुढे बसल्यात त्यांच्या आईबरोबर. त्यांना वाटतंय, मी आइस्क्रीमच्या रांगेत आहे.”

“मग आइस्क्रीम?”

“तेही नाही घेतलं. रांग विमानाच्या बाजूला आहे.”

आईला हसू आलं. सकाळपासूनचं पहिलं.

“तुम्ही का बसलात अशा? तुम्हालाही आवाज?”

“आवाजाचं काही नाही. मला बघवत नाही.” ती थांबली. हे तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, घरात तर नाहीच. “माझा मुलगा आहे वर. पाच नंबर.”

त्या माणसानं हातातला कापूस चुरगळला. मग म्हणाला, “सगळी टाळ्या वाजवतात, आणि तुम्ही...”

“हो. त्यांच्यासाठी ते विमान आहे, माझ्यासाठी मुलगा.”

स्पीकर पुन्हा खरखरला. तंबूमागे शब्द जरा बरे कळत होते. पाच विमानांचं पथक डावीकडून येत होतं. आईनं शालीचं टोक मुठीत धरलं.

“खाणीत सुरुंगाच्या आधी भोंगा वाजतो,” तो माणूस म्हणाला. “भोंगा वाजला की माणूस मन घट्ट करतो. इथं काही कळतच नाही, एकदम अंगावर येतं. त्याचंच भ्या.”

“मला ऐकू येतंय की. ते सांगतात आधी, कुठून येणार ते. मी तुमच्या हातावर थाप मारीन.”

“आणि मी वर बघून तुम्हाला सांगतो, सगळं ठीक आहे का. चालेल?”

“आंधळ्या-पांगळ्याची जोडी झाली की आपली,” आई म्हणाली.

त्यानं बोळे कानांत कोंबले, वर दोन्ही तळवे दाबले आणि बाकावर उलटा फिरून बसला. ती तशीच, आभाळाकडे पाठ करून. तिनं त्याच्या मनगटावर थाप मारली. त्यानं डोळे मिटले, दात आवळले. आवाज आला, तंबूचं कापड फडफडलं, आवाज गेला. त्यानं एक डोळा उघडला.

“गेला?”

तिनं मान हलवली.

“अरे, जमलं की!” तो ओरडलाच. कानांत कापूस असल्यामुळे त्याला आपला आवाज कळत नव्हता. “मावशी, पाचही आहेत! एकाला एक चिकटून! आता वर चाललीत... आता उलटी झाली... म्हणजे माणसं उलटी झाली असणार आत... नाही, नाही, घाबरू नका, सरळ झाली! आता धूर सोडला. पांढरा आहे, पांढरा. जळाल्याचा नाही.”

त्याला सांगता काही येत नव्हतं, पण सांगायचा हुरूप फार. आईचा जीव प्रत्येक वाक्याला वर-खाली होत होता. तंबूच्या दारातली नर्स हसून बघत होती. दोन-तीन थापांनंतर त्या माणसाचे तळवे कानांवरून थोडे ढिले झाले. आई ऐकत राहिली. टाळ्या, आवाज, आणि मग टाळ्या.

मग तो माणूस मध्येच म्हणाला, “आता चार.”

“काय?”

“चारच दिसतात. एक, दोन, तीन... चार. एक कुठं गेलं?”

आईनं थाप मारली नाही. ती उठली, वळली आणि तिनं वर पाहिलं.

चार विमानं दूर वळत होती. आणि मैदानाच्या अगदी मधोमध पाचवं सरळ उभं वर चाललं होतं, ढगाच्या कडेला लागून. आवाज बारीक बारीक होत गेला. चढता चढता ते हळू झालं. इतकं हळू, की थांबलंच. एवढी माणसं, पण कुणी खोकलंसुद्धा नाही. आईनं डोळे मिटले नाहीत. मिटायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही.

विमान एका पंखावर कललं. झटका नाही, घाई नाही. ती तो कल बघत राहिली आणि तिला एकदम ओळख पटली. टिल्लू चार वर्षांचा असताना तिला तापात पाणी आणून द्यायचा. पेला काठोकाठ भरलेला, जीभ बाहेर काढलेली, नजर पाण्यावर, आणि स्वयंपाकघरापासून पलंगापर्यंत एकेक पाऊल असं, की थेंब सांडू नये. तेच होतं हे. लोकांना वाटत होतं, कुणीतरी जिवावर उदार होऊन उधळलंय. तिला दिसत होतं की वर एक माणूस अतोनात काळजीनं, काही सांडू नये म्हणून जपून चाललाय.

विमानाचं नाक खाली आलं, आणि ते धूर सोडत सुरेख उतरत गेलं. मैदानातून आरोळी उठली.

“सापडलं!” दगडखाणीवाला ओरडला. मग त्याच्या लक्षात आलं की आवाज येऊन गेला होता आणि थाप काही पडली नव्हती. त्यानं स्वतःच्या छातीवर हात ठेवून बघितला. “मावशी, भोंगा न वाजवताच गेलं.”

“चुकलंच माझं.”

“नाही हो. बरंच झालं.” त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, तिच्याही. तिनं शालीनं डोळे पुसले. तो उठला, एका कानातला बोळा काढून खिशात टाकला, दुसरा राहू दिला आणि म्हणाला, “जातो. पोरींना आइस्क्रीम न्यायला हवं, नाहीतर पितळ उघडं पडेल.” आणि रांगेकडे चालू लागला, पुढचं विमान यायच्या आत पोचायचं म्हणून झपझप.

शो संपल्यावर माणसं पांगली. बाबांचा घसा बसला होता. कॅमेरावाल्यानं पाच नंबरचे एवढे फोटो काढले होते की बाबा त्याला पत्ता, फोन नंबर आणि वर जन्मभर फुकट केस कापायचं आश्वासन देत होते. कॅमेरावाल्याला टक्कल होतं, पण दोघांपैकी कुणाच्याही ते लक्षात आलं नाही.

मुलगा दोरीच्या पलीकडून आला. घामानं केस कपाळाला चिकटलेले, नाकावर हेल्मेटचा वळ. बापानं मिठी मारली, बायकोनं पाण्याची बाटली दिली. आई थोडी मागे उभी होती. तो तिच्याजवळ आला.

“आलीस,” एवढंच म्हणाला.

“आले.”

“बघितलंस?”

आईला खोटं सांगता आलं असतं.

“अर्धं,” ती म्हणाली. “पहिलं अर्धं तंबूमागे बसून होते. पाठ करून.”

मुलानं बाटलीचं झाकण लावलं, काढलं. “आई, मला इतकी वर्षं वाटायचं, तुला हे माझं काम आवडत नाही. मी दुकान सोडून गेलो म्हणून राग आहे. म्हणून मी विचारायचंच सोडलं.”

“राग?” आई त्याच्याकडे बघतच राहिली. “अरे वेड्या, कसला राग? भीती वाटायची मला. तू वर असलास की खाली माझ्या हातातली सुई हलायची नाही. पण हे तुला सांगितलं, तर उडताना तुझ्या मनात येईल. वरती असलं काही मनात यायला नको, म्हणून गप्प बसले.”

तो वाकला आणि तिच्या खांद्यावर कपाळ टेकवून उभा राहिला, सहा फुटांचा माणूस, कमरेत दुमडून. घामाचा आणि इंधनाचा वास येत होता. तिनं त्याच्या ओल्या केसांतून हात फिरवला.

“तुलाही वाटते का रे भीती?”

“रोज,” तो खांद्यातूनच म्हणाला. “म्हणून तर सावकाश करतो.”

“ते दिसलं मला,” ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत होत्या. पुढच्या सीटवर बाबा बसक्या आवाजात सुनेला शो सांगत होते, जणू ती दुसऱ्या गावी होती, आणि ती गाडी चालवता चालवता “हो का?” म्हणत होती. मागे मुलगा आईशेजारी बसला होता. आभाळात कुठल्या कुठे जाणारा माणूस मघापासून त्याच खांबाजवळ अडकला होता आणि भुकेनं कासावीस झाला होता. आईनं पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला. अर्धा संपेपर्यंत तो बोलत होता. कसला वारा होता, ढग कसा मध्येच आला, कुठं वळायला जरा उशीर झाला. ती विचारत होती आणि तो सांगत होता. मग एका वाक्याच्या मध्येच त्याला झोप लागली. हातातलं बिस्कीट पडायला लागलं, ते तिनं हळूच काढून घेतलं आणि पुढे वाकून नवऱ्याला म्हणाली, “अहो, जरा हळू बोला.”