रुमाल निघण्याआधी

मी क्लॅरिनेट बोलतेय. काळ्या लाकडाची, तेरा कळांची, आणि पेटीत बंद केलं की जीव नकोसा होणारी. फ्रान्समधल्या एका कारखान्यात मला भोकं पाडली, तेल पाजलं आणि बोटीत घालून न्यू ऑर्लीन्सला पाठवून दिलं. तिथं सातव्या वॉर्डातल्या एव्हारिस्त मास्तरांनी मला घेतलं. मास्तर दिवसा सिगार वळायचे आणि संध्याकाळी मला वाजवायचे. वाजवायचे गोड, पण कागदावर लिहिलंय त्याच्या पलीकडे एक सूर जायचे नाहीत. माझा अगदी कोंडमारा व्हायचा.

मग नुमा आला. मास्तरांच्या बहिणीचा मुलगा, पंधरा वर्षांचा, गवंड्यांबरोबर भिंतींना गिलावा करणारा. मामा, मला वाजवायला शिकवा म्हणाला. मास्तरांनी मला टेबलावर त्याच्यासमोर ठेवलं आणि सांगितलं, वर्षभर नुसतं दो-रे-मी गायचं, हातानं ताल धरायचा, हिला तोंड लावायचं नाही. आमच्या वॉर्डात सगळे मास्तर असंच शिकवतात. नुमा गायचा तेव्हा टेबलाखाली त्याचा पाय सारखा हलत असे. मी वर थरथरत असे. आमचं दोघांचं जमणार हे मला तेव्हाच कळलं.

एका रविवारी मास्तर चर्चला गेले आणि नुमानं मला कोटाखाली घालून कॅनॉल स्ट्रीटच्या पलीकडे नेलं. तिथली माणसं कागदाशिवाय वाजवतात. नुमा कागद शोधू लागला तेव्हा ट्रॉम्बोनवाला हसत म्हणाला, "कागद कसला बघतोस? मी काय म्हणतोय ते ऐक आणि उत्तर दे." नुमानं फुंकलं आणि मी अशी किंचाळले की कुत्री भुंकायला लागली. दुपारपर्यंत मात्र आम्ही उत्तरं द्यायला लागलो होतो. काय सांगू, माझ्या अंगात असे सूर आहेत हे मलाच माहीत नव्हतं.

घरी मास्तरांनी माझ्या तोंडाशी बसवलेल्या वेताच्या पातळ पट्टीवरून, रीडवरून, बोट फिरवलं. ती ओली होती. ते ओरडले नाहीत. वर्ष पुरं व्हायला अजून तीन महिने आहेत, एवढंच म्हणाले.

नुमा सतराचा झाला तेव्हा मास्तरांचा दम पुरेनासा झाला होता. पोरगा चुकणार नाही असा त्यांनी बँडवाल्यांना स्वतःचा शब्द दिला, मला त्याच्या हातात दिलं आणि आपल्या जागी नुमाला उभं केलं.

आमच्याकडे मयतीला बँड असतो. जाताना संथ भजन, एकही जादा हरकत नाही. ड्रमच्या तारांखाली रुमाल खोवलेला, म्हणजे आवाज दबून निघतो. माणसाला थडग्यात ठेवून झालं की ड्रमवाला रुमाल काढतो, आणि मग नाचतं गाणं सुरू होतं. तेव्हाच त्याला सोडलं, त्याचा आत्मा जायला मोकळा झाला, असं आम्ही मानतो.

नुमाच्या पहिल्याच मयतीला ऊन मरणाचं होतं. दफनभूमीच्या फाटकाशी लाझार ड्रमवाल्यानं घाम पुसायला म्हणून तोच रुमाल ओढला. नुमाला वाटलं, इशारा झाला. त्यानं फुंकलं आणि मी सुटलेच. शवपेटी अजून खांद्यावर होती. खांदेकऱ्यांची पावलं चुकली, पेटी कलली, आणि गेलेल्या माणसाची बायको मटकन खाली बसली. खोटं कशाला बोलू, त्या घाईत मीही होते. नुमाला थांबवायला मी आवाज बसवून घेऊ शकले असते.

मागून चालत आलेल्या मास्तरांनी टोपी काढून बाईची माफी मागितली. परतताना ते नुमाला म्हणाले, "सूर चुकला असता तर मी बोललो नसतो. तू त्या माणसाला पोचण्याआधीच सोडून दिलंस."

त्यानंतर कुठल्याही बँडनं नुमाला मयतीला बोलावलं नाही. तो पलीकडच्या नाचघरांत वाजवायला लागला, दरवेळी आधीपेक्षा जलद. त्याचं नाव झालं, टाळ्या पडल्या. पण रस्त्यातून मयतीचा बँड जाताना ऐकला की तो खिडकी लावून घ्यायचा. मास्तरांनी एकदाही त्याला नाचघरात येऊन ऐकलं नाही. नुमा दाराकडे बघत वाजवायचा, हे मला माहीत आहे.

परवा मास्तर गेले. नुमा नको, म्हणून बँडवाले अडून बसले. मास्तरांची बायको, सेलिमा मामी, म्हणाल्या, मयत माझ्या घरचं आहे, तो नसेल तर बँडच नको.

आज नुमानं घरापासून फाटकापर्यंत भजन सरळ वाजवलं. एक सूर वाकवला नाही. मास्तरांना आत ठेवलं. लाझारनं रुमाल काढला, ड्रम कडाडला आणि सगळे नुमाकडे वळले, कारण पहिला सूर क्लॅरिनेटचा असतो. मी त्याच्या ओठात आहे, पण श्वास येत नाही. लाझारनं दुसऱ्यांदा ड्रम वाजवला. तिसऱ्यांदा वाजवला.

मामी जवळ आल्या. त्यांनी त्याच्या कोपराला हात लावला.

"आता तुला अडवणारं कोणी नाही, नुमा. वाजव."

ते ऐकून पोरगा ओक्साबोक्शी रडायला लागला. आयुष्यभर मी घाई केली, पण आता मी गप्प राहून त्याची वाट बघतेय. रड, हवं तेवढं रड. पण मग फुंक, बाळा. तू फुंकल्याशिवाय मास्तरांना जाता येणार नाही.