पूर्णवेळ मतदार

खोली माडीवर होती, हवेशीर होती आणि त्या माणसाला ती आजच हवी होती. तो राहत होता ते घर सकाळीच पाडायला घेतलं होतं. ट्रंक खालच्या पायरीवर ठेवून तो वर आला होता.

"काय करता आपण?" मालकीणबाईंनी पाण्याचा पेला पुढे करत विचारलं.

"मतदार आहे."

"ते झालं हो. पण काम काय करता?"

"तेच."

आतून कान देऊन ऐकणाऱ्या त्यांच्या सासूबाई चष्मा पुसत बाहेर आल्या. "मतदार तर आम्हीही आहोत. म्हणून दारावर पाटी लावली का कधी?"

"तुमचं हौशी आहे, आजी," तो नम्रपणे म्हणाला. "भाजी आणायला निघालात, वाटेत मत देऊन आलात. मी पूर्णवेळ आहे."

"काम कधी असतं?" सुनेने विचारलं.

"पाच वर्षांतून एक दिवस."

"आणि बाकीचे दिवस?"

"पस्तावतो. खरा वेळ त्यातच जातो."

सुनेला माणूस पसंत पडला. पस्तावणारा माणूस भिंतीला खिळे ठोकत नाही, असा तिचा अनुभव होता. सासूबाईंना मात्र तो अजिबात नको होता.

"एका दिवसाच्या कामाला ज्याला पाच वर्षं पुरत नाहीत, तो जिना काय झाडणार?"

"जिना झाडणं भाडेकरूकडे कधीपासून आलं, आई?"

"आत्तापासून!"

सुनेचा हात वर गेला, सासूबाईंनी ठामपणे नकारार्थी मान हलवली. एकास एक. पुढे काय करायचं ते दोघींनाही कळेना.

"मेलं, सुतार घरात बसलाय आणि आपण दार ठोकतोय," सासूबाई म्हणाल्या. "अहो मतदार, उठा. तुमचंच काम निघालंय."

मतदार उठला. हात धुतले, शर्टाचं वरचं बटण लावलं. हात वर करून मत देणं त्याच्या धंद्यात बसत नव्हतं, म्हणून चिठ्ठ्या कापल्या गेल्या. साखरेचा डबा रिकामा झाला. दोघींनी मतं टाकल्यावर तो चिठ्ठी घेऊन पडद्याआड गेला, तो बराच वेळ आलाच नाही.

"जमतंय ना?" सासूबाईंनी हाक मारली. "आम्ही तर नुसतं तोंड बघून शिक्का मारतो!"

शेवटी डबा उघडला. खोली द्यावी : एक. देऊ नये : दोन.

सून थक्क झाली. "अहो, विरोधात तुम्ही दिलंत?"

"मत गुप्त असतं," तो म्हणाला. मग मटकन खुर्चीत बसला. "आजवर मी ज्याला मत दिलं तो पडला, बाई. एकदासुद्धा चुकलं नाही. म्हणून उलटं दिलं. म्हटलं, खोली नक्की मिळेल."

हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडायला लागला.

"म्हणजे... मी जिंकलो?"

"बहुमताने," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले. सुनेने डोळे टिपले आणि ट्रंकेची एक कडी धरून ती फाटकापर्यंत पोचवायला गेली.

रस्त्यावर भेटलेल्या पहिल्याच माणसाला मतदाराने अडवलं. "आमची बाजू निवडून आली!"

"वा, अभिनंदन!" तो माणूस म्हणाला. "राहता कुठे?"