तिन्ही वेळा निरंक

जगदेव मास्तर मुलगी पाहायला निघाला की त्याच्या पिशवीत शाईची दौत असायची. बाकीचे लोक पोरीला चालून दाखव म्हणतात, सुईत दोरा ओवायला लावतात. मास्तरला हा सगळा अडाणीपणा वाटे. तो मंगरूळपीरच्या एका अध्यापक विद्यालयात मानसशास्त्र शिकवायचा. दुसऱ्यांच्या पोरींना मास्तरीण करण्याचा त्याला पगार मिळे, आणि स्वतःसाठी म्हणून दोन वर्षांत त्यानं सात पोरी शास्त्रोक्त पद्धतीनं नापास केल्या होत्या.

आठवी अंजना, आसेगावच्या पुंजाजीची. १९७४ साली ती मॅट्रिक झाली, तीही घरच्या म्हशींचं शेण काढता काढता. वाशिमला डी.एड.ला तिचा नंबर लागला होता. प्रवेशाचं पत्र आरशाच्या मागं खोचलेलं होतं, आणि आरशात बघण्यापेक्षा ती आरशाच्या मागंच जास्त बघायची. बापानं मात्र अट घातली होती.

"मास्तरचं स्थळ घरी चालून आलं. त्यानं हो म्हटलं तं लगन. नाई म्हटलं तं सोमवारच्या मोटारीनं मी सोता तुले वाशिमले नेऊन घालतो. मंग तं झालं?"

पुंजाजी दिल्या शब्दाला जागणारा माणूस होता. तेव्हा अंजनाला एवढंच करायचं होतं, नापसंत व्हायचं.

मालेगावची तिची मावसबहीण विजयमाला त्या सातांतलीच एक. तिनं सगळा प्रकार सांगितला होता. "कागदावर शाई सांडते, घडी घालते, उघडते अन् इचारते, काय दिसते? मी म्हटलं, घोडा, उधळलेला. दुसऱ्यात म्हटलं, मिशीवाला फौजदार, झोपलेला. घरचे सारे पोट धरून हासले. मास्तर मात्र उठता उठताच नाई म्हनून गेला."

अंजनानं यावर दोन दिवस डोकं चालवलं. विजयमाला एवढी तल्लख, तरी नापास. म्हणजे या माणसाला तिच्याहून शहाणी पाहिजे. एवढं शिकलेला, दुसरं काय मागणार? तर मग आपण ठार येडं व्हायचं. हिशेब बिनचूक होता बिचारीचा. फक्त पुरुषांचा अनुभव कमी पडला.

रविवारी सकाळी मास्तर आला. पोह्यांची बशी हातात येण्याआधीच त्यानं घरातल्या माणसांची वर्गवारी सुरू केली.

"पुंजाजी, तुमचा बांधा गोल. अशी माणसं खाण्यापिण्यात रमणारी, मायाळू असतात. परदेशातल्या विद्वानांनी मापं घेऊन सिद्ध केलंय."

"मंग, खोटं हाये का!" पुंजाजी खूश झाला.

दाराआड अंजनाची माय उभी होती. तिच्याकडं बोट करून मास्तर म्हणाला, "आणि अशी हाडकुळी माणसं एकलकोंडी. आतल्या आत कुढणारी."

ती कुढत नव्हती, उपाशी होती. पाहुण्यांचं झाल्याशिवाय तिच्या पोटात घास जाणार नव्हता. पण शास्त्रात हे कुठं लिहिलेलं असतं!

अंजना समोर येऊन बसली. मास्तरनं तिला अंतर्मुख आणि बहिर्मुख म्हणजे काय ते समजावलं, जणू वर्गच भरला होता. मग म्हणाला, "तोंडानं माणूस काहीही सोंग आणतो. शाईपुढं सोंग चालत नाही." त्यानं कागदावर शाईचे थेंब टाकले, घडी घातली, उघडली.

"काय दिसतं?"

पाल्याच्या एका डहाळीसाठी टकरा देणाऱ्या दोन बकऱ्या. इतक्या स्वच्छ की अंजनाला हसू फुटायला आलं. तिनं ते गिळलं. "काई नाई. शाई."

मास्तरनं वहीत काहीतरी लिहिलं आणि दुसरा कागद धरला. त्यात मोटार थांबवायला दोन्ही हात वर केलेली बाई होती.

"तुमी म्हनान तेच असंन," अंजना म्हणाली. आता हा कंटाळेल, उठेल, आणि उद्या सोमवार.

तिसऱ्या वेळी मास्तरचे कोरे कागद संपले. पुंजाजीनं इकडं तिकडं पाहिलं आणि आरशामागचं पत्र ओढून काढलं.

"बाबा, ते..."

"मांगून कोरं हाये नं? लिहेल बाजू कोठी पळून जाते?"

शाई पडली. घडी झाली. वाशिमच्या कारकुनानं टाकानं लिहिलेलं तिचं नाव पलीकडच्या बाजूला भिजून पसरू लागलं. तिनं पत्राकडं हात नेला. तरी तिनं स्वतःला समजावलं, की नाव कॉलेजच्या यादीत असतंच, पत्र काय, दुसरं मागता येईल. फक्त यानं नाही म्हणायला पाहिजे.

"काय दिसतं?"

"काईच नाई."

मास्तरनं वही मिटली आणि तो पहिल्यांदाच मोकळं हसला. पुस्तकी भाषाही त्यानं वहाणांसारखी काढून ठेवली. "पुंजाजी, सुपारी फोडा. पोरगी पसंत हाये मले."

अंजनाला वाटलं, चुकून म्हणाला. "पन मले तं काईच सांगता आलं नाई!"

"त्याच्यासाठीच तं." मास्तरनं वही पुन्हा उघडून बापाला वाचून दाखवली. "विजयमाला: उधळलेला घोडा. कल्पनाशक्ती दांडगी, नवऱ्यास जड. नापसंत. हे पाहा, अंजना: तिन्ही वेळा निरंक. पुंजाजी, कोऱ्या पाटीवर आपन लिहू तेच उमटते."

"मले दिसलं होतं!" अंजना उठून उभी राहिली. "पयल्यात बकऱ्या होत्या, टकरा देनाऱ्या. दुसऱ्यात बाई होती, मोटारीले हात करनारी. मी मुद्दाम नाई सांगतलं!"

"गप!" पुंजाजी ओरडला. "शब्द देला मी."

"राहू द्या," मास्तर मायेनं म्हणाला. "लगन ठरलं की पोरी अशा बावरतातच. याले भावनिक अस्थिरता म्हनतात. लेकरं झाले की जाते." मग गंमत म्हणून त्यानं तिसरा कागद तिच्यासमोर धरला. "बरं सांग, याच्यात काय दिसलं होतं?"

"माहं नाव."

मास्तरनं कागद जवळ घेऊन नीट न्याहाळला. उलटून मात्र पाहिला नाही. "असं उत्तर पुस्तकात नाही," तो म्हणाला, आणि त्याच कागदानं त्यानं हाताची शाई पुसली.