टिनाखालची सावली

ब्राह्मणपुरीच्या भाईदास पाटलाने कधी कुणावर हात उचलल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. बैल अडून बसला तरी तो पराणी टोचायचा नाही. पुढे जाऊन त्याच्याशी बोलत उभा राहायचा. पंचेचाळीस वर्षं अशी गेली. सन बत्तीसच्या चैत्रात तो धाकट्या बहिणीला, मंगलाबाईला, नवापूरला सासरी पोचवायला निघाला. नंदुरबारहून आगगाडी दुपारची होती. वेळ हाताशी होता, म्हणून मंगलाबाई म्हणाली, "भाऊ, तो टिनाखालना बाजार देखी लेऊत. लोके लई सांगतस."

बाजार बघण्यासारखाच होता. सागाचे जाड खांब, त्यांवर लांबलचक टिनाचं छप्पर. उन्हातून आत शिरताच डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मिरचीचा खकाणा नाकात गेला. मंगलाबाई पदराने नाक दाबून हसत होती. दोन्ही बाजूंना मिरचीचे ढीग, मधे फरशीचा रस्ता, कापडाची ठाणं. भाईदास मान वर करून छप्पर बघत चालला होता.

छपराखाली गावचे दुकानदार बसत. डोंगरातून चारोळी, डिंक, मध घेऊन येणारी माणसं बाहेर उन्हात. तसा रिवाज होता, आणि तो राखायला जालमसिंग नावाचा धिप्पाड रखवालदार होता. त्या दिवशी भिला नावाच्या एका म्हाताऱ्याने आपली चारोळीची टोपली वीतभर आत सावलीत ओढून घेतली होती.

जालमसिंगने टोपलीला लाथ घातली. चारोळी फरशीभर पसरली.

"ऊन लई शे, मालक," भिला म्हणाला. "घडीभर बसतू."

तो वाकून दाणे गोळा करू लागला. जालमसिंगची लोखंडी वळ्यांची काठी त्याच्या मनगटावर बसली. सुकं लाकूड मोडावं तसा आवाज आला. दुसरी काठी पाठीवर, तिसरी कानाजवळ. म्हातारा ओरडला नाही, नुसता आडवा झाला, आणि चारोळीवर रक्त पसरू लागलं. आसपासचे दुकानदार आपापल्या तराजूकडे बघत राहिले.

"भाऊ, मरी जाई तो," मंगलाबाई म्हणाली.

भाईदास पुढे झाला. "सोडा त्याले, दादा. आते काय ऱ्हायनं त्यानामा?"

जालमसिंगने काठीचं टोक त्याच्या छातीला लावून त्याला मागे ढकललं. "मुसाफिर शे ना तू? बाजार देख आनि चालता व्हय."

आणि त्याने पुन्हा भिलावर काठी उगारली.

शेजारच्या मिरचीवाल्याच्या तराजूत पाच शेरांचं वजन होतं. भाईदासचा हात तिकडे कधी गेला ते त्याला कळलं नाही. वजन जालमसिंगच्या कानशिलावर बसलं. तो गुडघ्यांवर आला, काठी सुटून घरंगळत गेली. तिथे सगळं थांबायला हवं होतं. भाईदास थांबला नाही. दुसरा घाव खांद्यावर बसला, हाड आत गेलेलं हाताला जाणवलं. जालमसिंग पालथा पडला, तेव्हा भाईदासने खाली वाकून तिसरा घाव डोक्याच्या मागच्या बाजूला घातला. त्या वेळी त्याला भीती वाटली नाही. उन्हातून आल्यावर गार पाणी प्यावं, तसं बरं वाटलं.

मंगलाबाईने त्याचा दंड धरला. हिसक्यात तिच्या बांगड्या फुटून काचा मनगटात घुसल्या. "भाऊ, तो पडी गया. भाऊ, पडी गया तो."

त्याने वजन खाली ठेवलं. पोलीस येईपर्यंत तो तिथेच बसून होता. भिलाला त्याच्या माणसांनी उचलून नेलं. पुढे साक्षीसाठी शोधूनही तो सापडला नाही.

जालमसिंग वाचला, पण उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. धुळ्याच्या कोर्टात भाईदासच्या वकिलाने मंगलाबाईला पढवून ठेवलं होतं: घाव एकच, बाकीचं फरशीवर पडल्याने लागलं. पिंजऱ्यात तिला किती घाव असं विचारलं, तेव्हा तिने भावाकडे बघितलं.

"तीन," ती म्हणाली. "दोन तो पडाना नंतरना."

पडल्यावरचा खरं तर एकच होता. पण गुडघ्यांवर आलेला माणूस तिच्या लेखी पडलेलाच होता. भाईदासने तिची चूक काढली नाही. चार वर्षांची सक्तमजुरी झाली.

तुरुंगात ती एकदा भेटायला आली. "माले खोटं बोलता नही उनं, भाऊ."

"मीबी मोजेल शे," तो म्हणाला. दोघं बाकीचा वेळ आईच्या गुडघेदुखीबद्दल बोलत राहिले.

सुटल्यावर भाईदास गावी न जाता आधी नंदुरबारला उतरला. विचारत विचारत जालमसिंगच्या घरी गेला. जालमसिंग ओसरीत भिंतीला टेकून बसला होता. त्याची बायको दगूबाई दाणे निवडत होती. तिने नाव विचारलं, त्याने सांगितलं. तिचा हात सुपातच थांबला.

"काय पायजे तुले?"

भाईदास जालमसिंगसमोर मांडी घालून बसला. जालमसिंगने त्याला ओळखलं. घशातून घरघर निघाली, डावा हात चाचपडत बाजूच्या पितळी तांब्यावर गेला. तांब्या भरलेला होता. तो सरळ भाईदासच्या कपाळावर आदळला, कातडी फाटून रक्त डोळ्यात उतरलं.

भाईदासने हात वर केला नाही. तांब्या उचलून त्याने तो पुन्हा जालमसिंगच्या डाव्या हाताशी ठेवला. जालमसिंगने तो घेतला, अर्धा वर उचलला, आणि त्याच्या हातून तो मांडीवरच पडला. तो रडू लागला.

"जाय आते," दगूबाई म्हणाली. "आनि परत येऊ नको."

भाईदास उठला. धोतराच्या सोग्याने कपाळ दाबून धरत तो ब्राह्मणपुरीच्या वाटेला लागला.