टाऊचा पीळ

दाढ दुखून आईचा गाल फुगला आणि दातांच्या डॉक्टरांनी तिला नेमकी गुरुवारी दुपारची वेळ दिली. घरी बाबांपाशी थांबायला कोणी नव्हतं. विसरायला लागल्यापासून त्यांना एकटं ठेवायची सोय उरली नव्हती. मागच्याच महिन्यात ते कोपऱ्यावर ब्लेड आणायला गेले आणि तीन थांबे पलीकडे बसथांब्यावर शांतपणे बसलेले सापडले. म्हणून लेक त्यांना आपल्याबरोबर प्रयोगशाळेत घेऊन गेली.

लेकीची चाळिशी उलटली होती, संशोधक म्हणून तिचं नाव झालं होतं, पण बाबांच्या लेखी ती अजून ठमीच. माणसाच्या मेंदूत टाऊ नावाचं एक प्रथिन असतं. ते ठमी जिवाणूंकडून बनवून घ्यायची, शुद्ध करायची आणि उबदार यंत्रात नळ्या ठेवून दिवसचे दिवस हलवत राहायची. मग त्याचे तंतू व्हायचे, स्मृती गमावणाऱ्या माणसांच्या मेंदूत साठतात तसे. ते प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींना दिले की पेशींमधलं धडधाकट टाऊही त्यांच्या नादी लागायचं. हे कोणत्या औषधाने थांबतं, ते मग तपासता यायचं.

सहा महिने या तंतूंनी तिच्या नाकी नऊ आणले होते. एक खेप पेशींत झपाट्याने काम करी, दुसरी नुसती पडून राही. तंतू झालेत का ते दाखवणारा चमकणारा रंग घातला तर दोन्ही सारख्याच चमकायच्या. प्रथिन तेच, पाणी तेच, मीठ तेच. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंनी आताशा रागावणंही सोडून दिलं होतं, आणि ते ठमीला जास्त लागत होतं.

तिने बाबांना आपल्या टेबलापाशी बसवलं आणि दार उघडं ठेवून समोरच्या खोलीत नळ्या बघायला गेली. दहा मिनिटांनी परतली तर टेबलावर ओळीने मांडलेले तंतूंचे सूक्ष्मदर्शकातले फोटो बाबांनी उचलून त्यांचे दोन गठ्ठे केले होते. सकाळची सगळी मांडामांड वाया गेली होती. तिने ओठ घट्ट मिटले, मनात पाचपर्यंत मोजलं आणि मगच हे काय केलंत म्हणून विचारलं.

"वेगळं केलं," बाबा म्हणाले. "एका चातीवरचं सूत नाही हे."

बाबांनी सूतगिरणीत एकतीस वर्षं काढली होती, तीही सूत तपासण्याच्या खात्यात. सकाळी काय खाल्लं ते त्यांना सांगता आलं नसतं, पण आता त्यांनी अंगठ्याचं नख अचूक एका तंतूवर टेकवलं. "पीळ बघ. हा नखभर जाऊन पुन्हा वळतो. आणि हा दीड नख जातो. सैल पिळाचा आहे."

ठमीने पट्टी घेतली. सगळे फोटो सारखेच मोठे केलेले होते. तिने एकेक मोजला. बाबांचा एकही फोटो चुकीच्या गठ्ठ्यात नव्हता. तिने हेच फोटो शंभर वेळा पाहिले होते, पण तंतू झालेत की नाहीत एवढंच पाहिलं होतं.

"कशाचं सूत हे?" बाबांनी विचारलं.

ती थोडा वेळ पट्टीशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "डोक्यातलं, बाबा. म्हातारपणी काहींच्या डोक्यात होतं. मग माणूस विसरायला लागतो."

"माझ्या?"

"डॉक्टरांना तसं वाटतं."

बाबांनी एक फोटो उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ बघितला. "सूत वाईट नाही," ते म्हणाले. "नको तिथं कातलंय."

ठमी त्यांच्या खुर्चीच्या हातावर बसली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून राहिली. बाबांनी तिच्या पाठीवर दोनदा थोपटलं, आणि मग चहा मिळेल का विचारलं.

चहा पाजून झाल्यावर तिने फोटोंच्या पाठीवरच्या तारखा पाहिल्या. सैल पिळाची प्रत्येक खेप तिचं हलवायचं यंत्र दुरुस्तीला गेलं असतानाची होती. तेव्हा ती शेजारच्या विभागातलं यंत्र वापरत होती आणि ते जास्त जोरात हिसके द्यायचं. पुढचे तीन आठवडे तिने एकच प्रथिन दोन्ही यंत्रांवर लावलं. आपल्या यंत्रातलं घट्ट पिळाचं निघालं आणि पेशींत कामाला लागलं. दुसरं सैल निघालं आणि पडून राहिलं. प्रमुख बाईंनी आकडे दोनदा तपासले. मग यापुढे पीळ मोजल्याशिवाय एकही खेप बाहेर जाणार नाही असं सांगितलं, आणि वडिलांना पुन्हा घेऊन ये म्हणाल्या.

त्या संध्याकाळी ठमीने घरी सगळं सांगितलं. बाबांना काहीच आठवत नव्हतं, पण ते मन लावून ऐकत होते.

"हुशार दिसतो माणूस," ते म्हणाले. "कुठला?"

"सूतगिरणीतला. तुम्हीच, बाबा."

बाबांनी तिच्याकडे जरा संशयाने पाहिलं. मग हळूहळू त्यांचा चेहरा खुलत गेला. "तुझ्या आईला सांगितलंस का हे?"

आईचं ऐकून झालं होतं, तेही दोनदा. तिने हातातलं ताट खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि त्यांच्या शेजारी येऊन बसली. "मला कोण सांगतंय?" ती म्हणाली. "सांग गं."